कॅलिफोर्नियात जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला: काउंटीच्या खिडकीपासून अपोस्टिलपर्यंत

हॉस्पिटलमधून घरी निघताना नर्सने एक जाड, देखणा कागद हातात दिला होता. बाळाच्या दोन्ही पावलांचे शाईचे ठसे, वजन, जन्मवेळ आणि खाली हॉस्पिटलचा सोनेरी शिक्का. सासूबाईंनी तो देव्हाऱ्याशेजारी उभा करून ठेवला. जन्मदाखला मिळाला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पासपोर्टसाठी कागद जमवायला बसले तेव्हा कळलं, की तो कागद आठवण म्हणून जपायचा. सरकारी कामात तो कुणीही धरत नाही. खरा दाखला काउंटीकडे, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे, अर्ज करून, पैसे भरून मागावा लागतो. तो आपणहून घरी येत नाही.

पुढच्या काही महिन्यांत मी दाखल्यासाठी दोन खिडक्यांवर उभी राहिले, आणि अपोस्टिलला (दाखला परदेशात चालावा म्हणून लावतात त्या सरकारी प्रमाणपत्रासाठी) पाठवलेलं पाकीट एकदा जसंच्या तसं परत आलेलंही पाहिलं. बाळ मांडीवर, झोप अर्धवट आणि भारतात जायची तिकिटं काढलेली, अशा दिवसांत हे सगळं चालू होतं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून क्रमाने लिहिते आहे. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत तर दाखला ज्या गावात जन्म झाला तिथल्या रजिस्ट्रारकडे मिळतो.

१. हॉस्पिटलमधला फॉर्म: खरं काम इथेच होतं

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची एक बाई फॉर्म घेऊन खोलीत येते. तिथे तुम्ही जे लिहाल तेच दाखल्यावर छापून येतं. म्हणून सगळ्यात जास्त याच टप्प्याबद्दल सांगायचं आहे.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. महाराष्ट्रात नाव न घालताही जन्माची नोंद होते, बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. त्यामुळे 'नाव काय, सावकाश ठरवू' ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. इथे ती बाई नाव विचारायलाच आलेली असते. नाव रिकामं सोडलं तर पुढे ते घालण्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि तोवर पासपोर्टचं काम अडतं. तेव्हा आत्याला आधीच फोन करा, अक्षर काय येतंय ते पत्रिकेवाल्यांना विचारून घ्या आणि नाव कागदावर लिहूनच हॉस्पिटलच्या बॅगेत ठेवा. कानात नाव सांगायचा सोहळा बाराव्या दिवशी थाटात करता येतो, त्याला कुणाची हरकत नाही.

नावाइतकंच स्पेलिंग महत्त्वाचं. 'ज्ञानदा' लिहिताना सुरुवात 'डी'ने करायची की 'जी'ने, 'आरव'मध्ये 'ए' एक की दोन, हे घरात बसून ठरवा. आजोबांनी भारतात कुठे वेगळं स्पेलिंग लिहून ठेवलं असेल तर तेही जुळवून घ्या. मधल्या नावाचा रकाना वेगळा असतो. तिथे आपल्या पद्धतीप्रमाणे वडिलांचं नाव घालायचं की रकाना रिकामा ठेवायचा, हे तुमच्या मनावर आहे. पण दाखल्यावर जे येईल तेच पासपोर्टवर आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) जाणार, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट आईच्या नावाची, आणि इथे मराठी बायकांनी नीट लक्ष द्यायला हवं. या फॉर्ममध्ये आईचं आडनाव मागतात ते जन्माच्या वेळचं, म्हणजे माहेरचं. आपल्याकडे लग्नानंतर अनेकींचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, क्वचित पहिलं नावसुद्धा बदलतं. पासपोर्टवर सासरचं नाव आणि बाळाच्या दाखल्यावर माहेरचं, असं झालं की पुढे पासपोर्टच्या आणि ओसीआयच्या टेबलावर प्रश्न येतो: ही आणि ती बाई एकच कशावरून? उत्तर सोपं आहे. लग्नाचं प्रमाणपत्र नेहमी सोबत ठेवा. पण प्रश्न टळावा म्हणून फॉर्मवर सासरचं आडनाव लिहू नका. तो रकाना माहेरच्याच नावासाठी आहे. खूप वर्षांनी सरकारी कागदावर स्वतःचं माहेरचं आडनाव छापलेलं पाहिलं तेव्हा मी काउंटरवर क्षणभर तशीच उभी राहिले होते.

तिसरी गोष्ट तारखांची. दाखल्यावर आई-वडिलांच्याही जन्मतारखा येतात. इथे आधी महिना, मग दिवस. हात मात्र आपल्या सवयीने चालतो. चार नोव्हेंबर लिहिताना आपण ०४/११ लिहितो आणि इथे तो अकरा एप्रिल होतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर चूक लगेच दिसते, लहान असेल तर ती कुणाच्याच नजरेला येत नाही. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. नवऱ्याची जन्मतारीख उलटी छापली गेली आणि ते दाखला हातात आल्यावर कळलं.

त्याच फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबर हवा का, असं विचारलेलं असतं. होय म्हणा. कार्ड घरी पोस्टाने येतं आणि एक हेलपाटा वाचतो.

छापलेला मसुदा सहीसाठी देतात तेव्हा तो बाळाच्या आईने एकटीने तपासू नये. तिची झोप झालेली नसते. शेजारी जे कुणी असेल त्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पासपोर्टवर बोट ठेवून जुळवावं.

२. काउंटी कोणती? हॉस्पिटल जिथे आहे ती

तुम्ही राहता कुठे याला इथे काही महत्त्व नाही. राहायला फ्रीमाँटला असाल तर ती अलामेडा काउंटी, पण बाळ माउंटन व्ह्यूच्या हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर नोंद सँटा क्लारा काउंटीत. मिल्पिटास फ्रीमाँटला अगदी लागून आहे, तरी ते सँटा क्लारा काउंटीत येतं. पालो आल्टोही सँटा क्लारात, पण शेजारचं मेन्लो पार्क सॅन माटेओत. चुकीच्या काउंटीकडे अर्ज केलात तर नोंद सापडत नाही आणि फीही परत मिळत नाही. 'अशी नोंद आमच्याकडे नाही' असं सांगणारं प्रमाणपत्र तेवढं हातात येतं. घाईघाईने, नोंद व्हायच्या आतच अर्ज केला तरी तेच होतं. म्हणून बाळ काही आठवड्यांचं झालं की आधी चौकशी करा, मगच पैसे भरा.

३. खिडकी कोणती? आरोग्य विभाग की क्लार्क-रेकॉर्डर

आमचं काम इथे अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॅलिफोर्नियात जन्माची नोंद आधी काउंटीच्या आरोग्य विभागाकडे जाते. बऱ्याच काउंट्यांत चालू वर्षाचे आणि मागच्या वर्षाचे दाखले आरोग्य विभागच देतो, त्यानंतर ती नोंद काउंटी क्लार्क-रेकॉर्डरच्या, म्हणजे काउंटीचं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात मिळते. ही मुदत काउंटीगणिक बदलते. काही ठिकाणी दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, काही ठिकाणी शहराच्या दोन टोकांना. बर्कली, पॅसाडिना आणि लाँग बीच या शहरांचे तर स्वतःचे आरोग्य विभाग आहेत. तिसरा मार्ग सॅक्रामेंटोच्या राज्य कार्यालयाचा. तिथे जुलै १९०५ पासूनच्या नोंदी आहेत, पण काउंटीपेक्षा वेळ जास्त लागतो.

तिन्ही ठिकाणचा दाखला खराच असतो आणि अमेरिकन पासपोर्टसाठी तिन्ही चालतात. फरक आहे तो सहीत. आरोग्य विभागाच्या दाखल्यावर आरोग्य अधिकाऱ्याची किंवा स्थानिक रजिस्ट्रारची सही असते. क्लार्क-रेकॉर्डरच्या दाखल्यावर क्लार्क-रेकॉर्डरची. भारतात वापरण्यासाठी अपोस्टिल करायला गेलात की हा फरक आडवा येतो. राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीवर थेट अपोस्टिल लावत नाही. त्या सहीला आधी काउंटी क्लार्कने दुजोरा द्यावा लागतो.

मला हे ठाऊक नव्हतं. मी आरोग्य विभागाचा दाखला चेकसह पाकिटात घालून पाठवला आणि काही आठवड्यांनी तो चिठ्ठीसह परत आला. मग तोच दाखला घेऊन काउंटी क्लार्कच्या खिडकीवर गेले. त्यांनी त्यांच्याकडच्या सहीशी ती ताडून पाहिली, थोडी फी घेतली आणि सही खरी असल्याचा एक जास्तीचा कागद जोडून दिला. काम अर्ध्या तासाचं होतं, पण त्यासाठी दीड महिना गेला.

म्हणून दाखला मागण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: 'यावर सही कुणाची असेल?' फक्त पासपोर्टच काढायचा असेल तर आरोग्य विभागाकडून घ्या, तिथे लवकर मिळतो. अपोस्टिल करायचं असेल आणि घाई नसेल, तर नोंद क्लार्क-रेकॉर्डरकडे येईपर्यंत थांबा आणि त्यांच्या सहीची प्रत घ्या.

४. 'ऑथराइज्ड' प्रतच मागा

अर्जावर दोन चौकटी असतात. 'ऑथराइज्ड' प्रत म्हणजे ओळख सिद्ध करायला चालणारी. 'इन्फर्मेशनल' प्रत कुणालाही मिळते, पण ओळखीचा पुरावा म्हणून ती ग्राह्य नाही असा मजकूर तिच्यावर ठसठशीत छापलेला असतो. पैसे दोन्हीला सारखेच पडतात. चुकून दुसऱ्या चौकटीत खूण केली तर तो कागद पासपोर्टला चालत नाही.

५. मागू कोण शकतं आणि काय लागतं

ऑथराइज्ड प्रत आई-वडील, कायदेशीर पालक, स्वतः ती व्यक्ती, तिचं भावंड, जोडीदार, मुलं, नातवंडं आणि आजी-आजोबा घेऊ शकतात. आजी-आजोबा या यादीत आहेत, ही आपल्यासाठी फार मोठी सोय आहे. बाळंतपणासाठी भारतातून आलेली आई किंवा सासूबाई स्वतःच्या पासपोर्टवर दाखला आणू शकतात. काका, मामा, आत्या, मावशी मात्र नाहीत, आणि शेजारची कितीही जवळची मैत्रीण असली तरी नाही.

सोबत न्यायचं ते असं:

- चालू मुदतीचं फोटो ओळखपत्र: पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स
- भरलेला अर्ज: बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्माचं शहर, आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव
- प्रतिज्ञापत्र: मी या यादीत बसते, खोटं सांगत नाही, असं शपथेवर लिहून देण्याचा छोटा फॉर्म. समक्ष गेलात तर त्यावर खिडकीवरच सही करायची, घरून करून नेऊ नका
- फी: दर प्रतीला ३० डॉलरच्या आसपास. आकडा अधूनमधून बदलतो. कार्डावर वरखर्च पडतो

किती प्रती घ्याव्यात? माझ्या मते तीन. एक पासपोर्टच्या अर्जासोबत जाते आणि परत यायला वेळ लागतो. एक अपोस्टिलसाठी कायमची अडकते. एक घरातल्या फायलीत. पुढे एकेक प्रत मागवण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा हे बरं.

६. खिडकीवर

सकाळी लवकर जा. टोकन घ्या, बाळाला घरीच ठेवा, त्याची गरज नसते. नोंद सापडली तर बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथेच दाखला छापून देतात.

कागद हातात आला की खिडकी सोडू नका. दाखला नोटेसारख्या खास कागदावर असतो, भोवती नक्षीदार किनार. तिच्यावरून अंगठा फिरवला की छपाईचा उठाव जाणवतो. खाली शिक्का, सही आणि प्रत दिल्याची तारीख. किनार, शिक्का, सही यांवाचून प्रत वैध नाही, असं त्या कागदावरच लिहिलेलं असतं. आधी हे तपासा, मग मजकूर वाचा: बाळाचं नाव, जन्मतारीख, दोघांची नावं, दोघांच्या जन्मतारखा. आई-वडिलांच्या जन्मस्थानापुढे नुसतं 'इंडिया' असतं, पुणे किंवा सातारा शोधू नका.

चूक निघाली तर ती खिडकीवर खोडून मिळत नाही. दुरुस्तीसाठी व्हीएस-२४ नावाचा शपथपत्राचा फॉर्म राज्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. मूळ नोंद तशीच राहते आणि दुरुस्ती दुसरं पान म्हणून जोडली जाते. म्हणजे पुढे जन्मभर तो दाखला दोन पानी. दोन्ही पानं मिळूनच दाखला होतो, पहिल्याचीच झेरॉक्स देऊन चालत नाही. स्पेलिंग आणि तारखा अशा दुरुस्त होतात. नावच पूर्ण बदलायचं असेल तर कोर्टाचा आदेश लागतो.

दाखला लॅमिनेट करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लॅमिनेशन करून घ्यायची घाई असते, पण मग किनारीचा आणि शिक्क्याचा उठाव हाताला लागत नाही आणि दाखला नाकारला जातो.

७. पोस्टाने किंवा ऑनलाइन

पोस्टाने मागवायचा तर प्रतिज्ञापत्रावर नोटरीसमोर सही करावी लागते. कॅलिफोर्नियात नोटरीची फी एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. नोटरी केल्याशिवाय पाठवलंत तर ऑथराइज्ड प्रत मिळत नाही. ऑनलाइनसाठी अनेक काउंट्या व्हायटलचेक ही सेवा वापरतात. तिचे वेगळे पैसे पडतात. काउंटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तिथे जा. नुसतं शोधलंत तर वर जाहिरातीत सरकारी वाटणाऱ्या साइट्स येतात. त्या तुमच्याकडून जास्त पैसे घेतात आणि अर्ज पुढे त्याच कार्यालयाला पाठवतात.

८. आधी पासपोर्ट, मग ओसीआय

दाखला हातात आला की पहिलं काम अमेरिकन पासपोर्ट. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी डीएस-११ फॉर्म, आई-वडील दोघंही हजर आणि बाळही सोबत. फॉर्मवर आधी सही करून नेऊ नका, ती अधिकाऱ्यासमोर करायची. एक पालक भारतात असेल तर त्याने डीएस-३०५३ हे संमतिपत्र नोटरी करून पाठवावं. दाखल्याची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही द्यावी लागतात. पासपोर्ट आला आणि दाखला आला नाही म्हणून घाबरू नका, तो वेगळ्या पाकिटातून येतो.

ओसीआयचा अर्ज त्यानंतरच. अर्ज व्हीएफएस या भारत सरकारसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीमार्फत जातो आणि दाखल्यावर आई-वडील दोघांची नावं असावी लागतात. लग्नाचं प्रमाणपत्र इथेही उपयोगी पडतं. व्हीएफएसची कागदांची यादी अधूनमधून बदलते. मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी दिलेली यादी वापरू नका.

९. अपोस्टिल

अपोस्टिल म्हणजे इथल्या सरकारी सहीला दुसऱ्या देशात मान्यता मिळावी म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे अपोस्टिल असलेला दाखला वकिलातीतून पुन्हा साक्षांकित करावा लागत नाही. अमेरिकेतच राहणार असाल तर घाई नाही. पण पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात परतायचा विचार असेल तर निघण्याआधी एक प्रत अपोस्टिल करून ठेवा. शाळेच्या प्रवेशाच्या वेळी पुण्याहून हे काम करणं फार जड जातं.

पोस्टाने पाठवायचं तर सॅक्रामेंटोला: दाखल्याची मूळ प्रत, कोणत्या देशासाठी हवं ते लिहिलेली चिठ्ठी, दर दाखल्याला २० डॉलरचा चेक आणि स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट. समक्ष जायचं तर सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसला, तिथे प्रत्येक अधिकाऱ्याच्या सहीमागे ६ डॉलर जास्त घेतात. अपोस्टिलचा कागद दाखल्याला पिनेने जोडलेला येतो. झेरॉक्स काढताना ती पिन काढू नका. पिन निघाली की अपोस्टिल गेलं.

१०. भारतात परतलेल्यांसाठी

मूल इथे जन्मलं, तुम्ही परत गेलात आणि आता त्याच्या कॉलेजसाठी दाखला हवा आहे, असंही घडतं. जन्माला इतकी वर्षं झाली की नोंद क्लार्क-रेकॉर्डरकडेच असते, त्यामुळे सहीचा प्रश्न उरत नाही. अडते ती नोटरी. मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन प्रतिज्ञापत्रावर सही करता येते, एका शिक्क्याला ५० डॉलर पडतात. मूल अठरा वर्षांचं झालं असेल तर अर्ज त्याच्याच नावाने, त्याच्याच सहीने करा. फीसाठी अमेरिकन बँकेचा चेक किंवा मनीऑर्डर लागते, रुपयांचा ड्राफ्ट चालत नाही. परतीचं पाकीट अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा आणि त्याच्याकडूनच अपोस्टिलला सॅक्रामेंटोला पाठवा. अपोस्टिलच्या अर्जाला नात्याची अट नाही, त्यामुळे हे काम काका-मामाही करू शकतात.